देवघरांच्या कारखान्याला कोणता हीटर?

प्रश्न : निफाड तालुक्यात माझा सागवानी देवघरे बनवण्याचा लहान कारखाना आहे. २० फूट लांब, १५ फूट रुंद जागा, विटांच्या भिंती, वर पत्रा आणि समोर शटर. चार कारागीर आहेत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी साडेआठला काम सुरू होते, पण दहा वाजेपर्यंत कोणाचा हात चालत नाही. कारागीर घमेल्यात भुसा आणि लाकडाचे तुकडे पेटवून शेकत बसतात. फेविकॉलचे सांधे नीट धरत नाहीत. गेल्या हिवाळ्यातली दोन देवघरे सांधे सुटून परत आली. पॉलिशवरही पांढरट झाक येते. दुकानदार म्हणतो की १२०० वॅटचे दोन हॅलोजन हीटर न्या, कमी विजेत जास्त उष्णता देतात. मेव्हणे म्हणतात की गॅसचा हीटर घ्या, वीजबिल वाचेल. जोडणी थ्री फेज आहे. सुरक्षित आणि कमी खर्चाचा हीटर कोणता, ते सांगावे, ही विनंती.

उत्तर : आपले पत्र वाचून मला हीटरपेक्षा त्या घमेल्याचीच जास्त काळजी वाटली, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ज्या जागेत भुसा उडतो, थिनरचे डबे उघडतात आणि कोपऱ्यात पॉलिशची फडकी पडलेली असतात, त्या जागेत उघडी आग ठेवणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही. त्यातही आपले कारागीर जे तुकडे जाळतात त्यांत निव्वळ सागवान असेल असे मला वाटत नाही. देवघराच्या पाठीला लावलेल्या प्लायचे, सनमायकाच्या पट्ट्यांचे आणि एमडीएफचे (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या बोर्डाचे) तुकडेही त्यात जात असणार, आणि त्यांतल्या रेझिनचा धूर डोळ्यांना झोंबतो तेवढ्यावरच थांबत नाही. शटर अर्धे ओढून घेतलेल्या जागेत धुमसणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोके जड होणे, मळमळणे आणि गुंगी येणे ही त्याची लक्षणे माणूस थंडीची किंवा झोपेची समजून सोडून देतो. तेव्हा हीटर येवो अथवा न येवो, घमेले उद्यापासून बंद करावे. कारागिरांना नुसते ‘पेटवू नका’ म्हणून चालणार नाही हे मलाही कळते, त्यामुळे तोपर्यंत काय करायचे ते शेवटी सांगतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपण ‘कारखान्यासाठी हीटर’ मागितला आहे, परंतु पत्रातल्या तीन तक्रारी तीन निरनिराळ्या वस्तूंच्या आहेत. कारागिरांचे हात गारठतात, ही माणसाची तक्रार आहे. सांधे धरत नाहीत, ही गोंदाची आणि लाकडाची तक्रार आहे. पॉलिश पांढरे पडते, ही हवेतल्या दमटपणाची तक्रार आहे. या तिन्हींवर एकच उपाय म्हणून अख्खी शेड तापवायला गेलात, तर खर्च किती येईल ते आधी पाहू, म्हणजे पुढचा सल्ला मी का देतो आहे ते स्पष्ट होईल.

आपल्या भागात पहाटेचा पारा कुठे उतरतो ते आपल्याला मी सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाची नोंद हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतच असते, आणि द्राक्षबागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात त्याच सकाळी आपले शटर उघडते. बाहेर ८ अंश आहेत आणि आत २० अंश हवे आहेत असे धरू, म्हणजे फरक १२ अंशांचा झाला. आपले छप्पर साधारण २८ चौरस मीटर आहे. नुसत्या पत्र्याच्या एक चौरस मीटरमधून प्रत्येक अंशाच्या फरकामागे सुमारे ६ वॅट उष्णता बाहेर जाते, म्हणजे एकट्या पत्र्यातून २००० वॅट निघून जातात. नऊ इंची विटांच्या भिंती, उंची दहा फूट धरल्यास, मिळून दीड हजार वॅट खातात, शटर चारशेच्या पुढे, आणि शटरखालच्या व पत्र्याच्या पन्हाळीतल्या फटींतून जी हवा सतत बदलत राहते ती आणखी हजारभर वॅट घेऊन जाते. बेरीज ५००० वॅटच्या घरात जाते. तासाला पाच युनिट, सकाळचे पाच तास म्हणजे २५ युनिट, आणि युनिटला दहा रुपये धरले (आपल्या बिलावरचा दर पाहून आकडा बदलून घ्यावा) तर रोजचे अडीचशे रुपये. दुकानदाराचे दोन हॅलोजन मिळून २४०० वॅट देणार, म्हणजे निम्मी गरजही भागत नाही.

येथेच दुकानदाराच्या दुसऱ्या दाव्याचाही निकाल लावू. विजेच्या कोणत्याही हीटरच्या तारेत गेलेल्या एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. हॅलोजन असो, कांडीचा असो, ब्लोअर असो किंवा तेलाचा असो, त्यात कमी नाही आणि जास्तही नाही. ‘कमी विजेत जास्त उष्णता’ हे वाक्य या सर्वांच्या बाबतीत चुकीचे आहे. फरक असतो तो उष्णता कशी पोचते यात. हॅलोजनची उष्णता उन्हासारखी सरळ अंगावर येते, म्हणून समोर बसलेल्या माणसाला लगेच ऊब वाटते आणि पाठ मात्र गारच राहते. ब्लोअर हवा तापवतो आणि ती हवा आपल्या शेडमध्ये सरळ पत्र्याखाली जाऊन बसते. तेलाचा रेडिएटर सावकाश तापतो, अर्धा तास घेतो, पण बंद केल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतो. या नियमाला अपवाद एकच आहे आणि तो पुढे सांगतो.

हॅलोजन हीटर आपल्या कारखान्यात नको, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण बिल नव्हे. त्याची तार हजार अंशांच्या कितीतरी पुढे तापून लाल-पिवळी झालेली असते. तिच्या काचेच्या नळीवर रंध्याचा बारीक भुसा बसला की तो आधी करपतो आणि मग ठिणगी होऊन खाली पडतो, आणि आपल्याकडे खाली तर भुशाचाच थर असतो. थिनरचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन असते आणि त्याची वाफ अवघ्या ४ अंशांनाही ठिणगीने पेट घेऊ शकते. म्हणजे निफाडच्या गार सकाळीसुद्धा थिनर ‘थंड आहे म्हणून सुरक्षित’ नसतो. ही वाफ हवेच्या तिप्पट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीवर पाण्यासारखी पसरते आणि हीटर तर आपण जमिनीवरच ठेवतो. पॉलिशचे टेबल एका भिंतीला आणि हीटर दुसऱ्या भिंतीला ठेवला म्हणजे भागले, हा समज म्हणूनच धोक्याचा आहे. ब्लोअरबद्दल वेगळे लिहीत नाही. भुसा आत ओढून तापलेल्या तारेवर टाकणे हेच त्याचे काम होऊन बसते.

मेव्हण्यांच्या गॅस हीटरबाबत आगीचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा मुद्दा तर आहेच, पण आपल्या धंद्याच्या दृष्टीने एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही ती अशी की, गॅस जळताना पाणी तयार होते. एक किलो एलपीजी जळला की सुमारे दीड लिटरहून अधिक पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहते. ४ किलोवॅटचा हीटर तासाला साधारण ३०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे सकाळच्या चार तासांत दोन लिटर पाणी आपण स्वतःच्या पैशाने कारखान्यात शिंपडणार. ते पाणी जाते कुठे? गार पत्र्याला आतून दव धरून देवघराच्या कळसावर टपकते, रंध्याच्या पात्यांना आणि पटाशीला गंज चढवते, आणि ज्या पॉलिशची आपण तक्रार करता तेच आणखी पांढरे पाडते. बचतीचा हिशेबही सोपा आहे. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये सुमारे २४० युनिटांइतकी उष्णता असते. सिलिंडरच्या किमतीला २४० ने भागा आणि आलेली रक्कम वीजदराशी ताडून पाहा. त्यातही खोली सुरक्षित राहावी म्हणून खिडकी उघडी ठेवावी लागते आणि तिच्यातून उष्णता जाते ती वेगळीच. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर कारखान्यात वापरण्याचा विचार मनात असेल तर तो काढून टाकावा, कारण ते बेकायदा आहे.

मग करायचे काय? शेडच्या मागच्या कोपऱ्यात १२ फूट बाय १० फुटांची एक खोली करून घ्यावी आणि तापवायची ती फक्त तीच. तिच्यात जोडणीचे आणि गोंदाचे काम चालेल, करवत आणि रंधा बाहेरच राहतील. मशिनवर उभा असलेला माणूस हालचालीनेच तासाभरात तापतो. गारठतो तो बसून महिरपीची नक्षी कोरणारा आणि क्लॅम्प आवळून सांधे धरणारा. त्या दोघांना या खोलीत आणावे. खोलीच्या दोन बाजू सध्याच्या विटांच्या भिंतींच्या होतील, उरलेल्या दोन बाजूंना चौकट ठोकून प्लाय किंवा सिमेंट बोर्ड लावावा आणि नऊ फुटांवर छत घालावे. छताला जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड आणि त्याच्यावर दोन इंच जाडीचा ग्लासवूलचा किंवा रॉकवूलचा थर पसरावा. थर्माकोल स्वस्त पडतो आणि उष्णताही चांगली अडवतो, पण तो पेट घेतो आणि वितळून जळता खाली गळतो, म्हणून लाकडाच्या कारखान्यात त्याला जागा देऊ नये. दाराखाली रबराची पट्टी लावावी.

या एवढ्या कामाने काय होते पाहा. पत्र्यातून दर चौरस मीटरला, दर अंशाला ६ वॅट जात होते, ते छताखाली पाऊण वॅटच्या आत येतात. त्याच १२ अंशांच्या फरकासाठी या खोलीची एकूण गरज, भिंती आणि हवेची अदलाबदल धरून, ११०० वॅटच्या आसपास राहते. म्हणजे २००० वॅटचा एक हीटर पहिल्या तासात खोली तापवेल आणि नंतर थर्मोस्टॅटमुळे (ठरावीक तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणाऱ्या भागामुळे) जवळपास निम्मा वेळ बंद राहील. सकाळच्या पाच तासांना साडेसहा युनिटांच्या आसपास वीज लागेल. वर आपण २५ युनिट धरले होते. हीटरच्या दुकानात जाण्याआधी सुताराला, म्हणजे आपल्याच माणसाला, चार दिवस या खोलीच्या कामाला लावावे असे मी म्हणतो ते याच कारणाने. आणि एक फायदा फुकटात मिळेल: मे महिन्यातही ही खोली बाकीच्या शेडपेक्षा गार राहील.

या खोलीत माझी पहिली पसंती तेलाच्या रेडिएटरला, म्हणजे बाजारात ज्याला ऑइल हीटर म्हणतात त्याला आहे. ११ पंखांचा, २००० वॅटच्या आसपासचा, थर्मोस्टॅट असलेला आणि कलंडल्यास आपोआप बंद होणारा घ्यावा. काही नमुन्यांना वर एक लहान पंखा जोडलेला असतो, तो भुशाच्या जागी नको. आतले तेल जळत नाही, संपत नाही, ते केवळ उष्णता खेळवते. तार तेलात बुडालेली असल्यामुळे उघडे लालभडक असे काही नसते, पंख हात लावल्यास चटका देतील इतके तापतात, पण हॅलोजनच्या तारेशी त्यांची तुलना नाही. तरीही त्यावर फडके वाळत घालू नये, चारी बाजूंनी तीन फूट जागा मोकळी ठेवावी आणि पंखांमधला भुसा आठवड्यातून एकदा, हीटर गार असताना, ब्रशने झाडावा. खोक्यावर आयएसआय चिन्ह आहे का, आणि चिन्हाखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक छापला आहे का, ते पाहावे. तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूचा आहे ते तिथल्या तिथे कळते. दुकानदारासमोरच टाकून पाहावा. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

वर ज्या अपवादाचा उल्लेख केला तो म्हणजे थंड-गरम दोन्ही करणारा इन्व्हर्टर एसी. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो, विहिरीतले पाणी मोटारीने वर आणावे तसा. त्यामुळे एका युनिटमागे तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळू शकते आणि आपल्याकडच्या ७-८ अंशांच्या थंडीत त्याला फारशी अडचण येत नाही. ज्या खोलीला साडेसहा युनिट लागतात तिथे त्याला अडीच युनिटांच्या आत-बाहेर पुरतील. पण साठ-सत्तर दिवसांच्या थंडीसाठी रोजचे चाळीस रुपये वाचवून त्याची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे लागतील, आणि भुशाने त्याची जाळी आठवड्याला चोंदेल. उन्हाळ्यातही ती खोली गार करायची असेल, म्हणजे नक्षीचे काम बारमाही तिथेच चालणार असेल, तरच त्याचा विचार करावा. घ्यायचाच झाला तर ‘हॉट अँड कोल्ड’ असे स्पष्ट लिहिलेला घ्यावा, कारण दुकानात मांडलेले बहुतेक एसी केवळ थंड करणारे असतात.

विजेच्या जोडणीबद्दल मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझा अनुभव असा की हीटर क्वचितच पेटतो, पेटतो तो त्याचा प्लग. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टला पावणेनऊ अँपिअर प्रवाह घेतो आणि तो तासन्‌तास घेतो. मिक्सर किंवा ड्रिल मशिन दोन-पाच मिनिटे चालते, त्यामुळे त्यांच्या सैल जोडणीचे पाप उघडे पडत नाही. हीटर ते उघडे पाडतो. मी विद्युत देखभालीच्या कामात असताना एका हिवाळ्यात माझ्याच कामाच्या टेबलाखाली एक एक्स्टेंशन बोर्ड होता आणि त्यावर हीटर लावलेला होता. सकाळभर जळक्या मासळीसारखा वास येत होता आणि आम्ही सगळे तो बाहेरून येतो असे समजून खिडकी लावून घेत होतो. दुपारी प्लग काढायला गेलो तर तो निघेना. पितळी पिन सॉकेटच्या प्लॅस्टिकमध्ये रुतून बसली होती, भोवतीचा भाग तपकिरी होऊन फुगला होता आणि पिनेवर निळसर झाक आली होती. फ्यूज उडाला नव्हता, कारण प्रवाह जास्त झालाच नव्हता; फक्त पिन आणि पट्टी यांच्यात पकड सैल होती. हेच काम करणारा वायरमन मी, आणि वास ओळखायला मला अर्धा दिवस लागला.

म्हणून हीटरसाठी मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र तार ओढून घ्यावी, २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची चालेल, पण अंतर जास्त असेल किंवा पुढे एसी लावण्याचा विचार असेल तर ४ ची टाकावी. तिला स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाल्यास वीज तोडणारा स्विच) असावा, १६ अँपिअरचे मोठ्या भोकांचे सॉकेट असावे, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच निमित्ताने बसवून घ्यावा. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये अ‍ॅडॉप्टर घालून हीटर लावणे आणि एक्स्टेंशन वापरणे या दोन्हींना पूर्ण मनाई समजावी. अर्थिंग शेवटचे कधी तपासले, हे आठवत नसेल तर ते तपासण्याची वेळ झाली आहे. थ्री फेज असल्यामुळे रंध्याची आणि करवतीची मोटार तिन्ही फेजवर चालत असेल. तेव्हा दिवे, ड्रिल आणि हीटर एकाच फेजवर लादू नयेत एवढे वायरमनला सांगावे. बिलावर मंजूर भार किती किलोवॅट लिहिला आहे तोही पाहावा, आणि हीटर धरून बेरीज त्याच्या पुढे जात असेल तर महावितरणकडे भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. हीटर चालू असताना शटरबाहेरून दिसेल असा लाल दिवा त्याच तारेवर लावून घ्यावा. कुलूप लावणाऱ्याला तो दिसला की तो मागे वळतो.

आता गोंदाविषयी. आपण सांधे सुटल्याचे लिहिले आहे, तर परत आलेल्या देवघराचा सुटलेला सांधा उजेडात धरून पाहावा. फेविकॉल नीट वाळला असेल तर त्याचा पारदर्शक, चिवट पापुद्रा दिसतो. थंडीत वाळला असेल तर खडूच्या भुकटीसारखी पांढरी रेघ दिसते आणि ती नखाने खरवडली जाते. पांढरा गोंद म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक कण असतात. पाणी उडाल्यावर ते एकमेकांत मिसळून पापुद्रा व्हायला हवा, पण साधारण १० अंशांच्या खाली ते कडक राहतात आणि नुसते शेजारी शेजारी पडून राहतात. यात गोम अशी आहे की महत्त्व खोलीच्या हवेपेक्षा लाकडाच्या तापमानाला आहे. रात्रभर ८ अंशांत पडलेली दीड इंची सागवानी फळी, खोली २० अंशांवर आली तरी, तास-दोन तास आतून गारच असते. मनगटाची आतली बाजू फळीला लावून पाहावी. गार लागली तर गोंद लावू नये. यावर उपाय असा की दुसऱ्या दिवशी जोडायचे भाग आणि फेविकॉलचा डबा आदल्या संध्याकाळीच या खोलीत आणून ठेवावेत. भिंती आणि छत असल्यामुळे रात्रीही ती खोली शेडइतकी गारठणार नाही. सकाळी हीटर सात वाजता टायमरने चालू झाला तर साडेआठला माणूस, लाकूड आणि गोंद तिघेही कामाला तयार असतील. टायमर लावायचा तर हीटरभोवतीची मोकळी जागा रात्री निघताना पाहण्याची जबाबदारी एकाच माणसावर, नाव घेऊन, सोपवावी. क्लॅम्प लावलेले काम थंडीत उन्हाळ्याच्या दुप्पट वेळ तरी तसेच ठेवावे. आणि हौसेने फळ्या रेडिएटरला टेकवून ठेवू नयेत. ८ अंशांची दमट हवा २० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता निम्म्यावर येते. अशा कोरड्या उबेत एका बाजूने तापलेली फळी वाकते किंवा तिच्या टोकाला चीर जाते.

पॉलिश मात्र या खोलीत आणू नये, अगदी हीटर बंद असला तरी. तेलाच्या हीटरमधून मधूनमधून ‘टक्’ असा आवाज येतो, तो थर्मोस्टॅटचा असतो आणि त्या प्रत्येक आवाजाबरोबर आत एक बारीक ठिणगी पडते. थिनरच्या वाफेला तेवढी पुरते. पॉलिश पांढरे पडते ते थिनर भरभर उडताना पृष्ठभाग आणखी गार होऊन हवेतले दव त्यावर बसते म्हणून. त्याला हीटर नको, वेळापत्रक हवे. पॉलिशचे काम सकाळी अकरानंतर, पत्रा आणि लाकूड उन्हाने तापल्यावर, शटर पूर्ण उघडून किंवा बाहेरच्या मांडवात करावे आणि चारच्या आत शेवटचा हात मारून संपवावे. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २५ अंशांच्या पुढे पारा जातो, तेव्हा ही सोय निसर्गानेच केली आहे. घाईच्या ऑर्डरला पॉलिशच्याच कंपनीचा सावकाश उडणारा थिनर, ज्याला रिटार्डर म्हणतात, तो सांगितलेल्या प्रमाणात मिसळावा. जवसाच्या तेलाची फडकी वापरत असाल तर ती गोळा करून कोपऱ्यात कधीही टाकू नयेत. ते तेल वाळताना स्वतःच तापते आणि फडक्यांचा ढीग काडी न लावता पेटतो. ती एकेक पसरून बाहेर वाळवावीत किंवा पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. दाराजवळ ६ किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक टांगावे आणि त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते महिन्याच्या पगाराच्या दिवशी पाहण्याची सवय लावावी.

राहता राहिले उद्या सकाळचे. खोली उभी राहायला आणि वायरमन यायला आठ-दहा दिवस जातील. तोवर प्रत्येक कारागिराच्या पायाखाली शहाबादी फरशीवर लाकडी फळ्यांचा एक पाट ठोकून द्यावा. गार फरशीचा गारठा तळपायातून चढतो आणि या पाटाला आपल्याकडचे टाकाऊ तुकडे पुरतील. शटरच्या खालच्या फटीला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी मारावी. कामाची वेळ साडेआठऐवजी साडेनऊ ते साडेसहा अशी करता आली तर उत्तमच, कारण कामाच्या वेळेतला सर्वांत थंड तास त्यात वगळला जातो आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. आणि घमेल्याच्या जागी, शेडबाहेर, भुशापासून दूर, साडेदहाला चहाचा एक अधिक फेरा ठेवावा. तो हिशेबात धरला तरी परत आलेल्या दोन देवघरांपेक्षा स्वस्तच पडेल.